काकूंसाठी निवडलेलं जाड पुस्तक

आमच्या घरात ‘गाईड’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. वडील हायस्कुलात मास्तर. एखाद्या मुलाविषयी त्यांचं मत वाईट असलं की ते फक्त “गाईडवाला आहे” एवढंच म्हणायचे आणि पुढे त्या मुलाचा विषय निघत नसे. नववीत माझ्या दप्तरात इतिहासाचं गाईड सापडलं तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. सायकलच्या मागे बसवून दुकानात नेलं आणि माझ्याच हातांनी ते परत करायला लावलं. दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी होता, त्यामुळे त्यालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. त्या दिवशी मी एक धडा पक्का शिकलो. गाईड वाचायचं तर कुणाला दिसणार नाही असं वाचायचं. वाचायचं मात्र सोडलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर वडिलांवर फोडायचा मोह मला अजूनही होतो. ते काही खरं नाही. वडील सातारा जिल्ह्यात निवांत पेपर वाचत बसले होते आणि मी कोलकात्यात होतो, एकतीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, शहाणा समजला जाणारा माणूस.

बालीगंजमध्ये मी भाड्याने राहतो त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायला आलं होतं. काका सरकारी बँकेत अधिकारी, काकू घरी, मुलगी शिकायला बंगळुरूला. लिफ्टमध्ये मी फोनवर आईशी बोलताना काकूंनी ऐकलं आणि दरवाजा उघडायच्या आत मला रविवारचं जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं. तेव्हापासून रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायचं हे आम्हा तिघांत न बोलता ठरलं. मी एका खासगी कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विभागात काम करतो. कुणाचा लॅपटॉप सुरू होत नाही, कुणाचा प्रिंटर कागद चावतो, अशा तक्रारींवर माझं पोट चालतं. काकूंना माझ्या पगाराचं कौतुक नव्हतं, पण माझ्या कामाविषयी त्या खोदून खोदून विचारायच्या.

बावीस वर्षांत काकांच्या सहा बदल्या झाल्या होत्या. नागपूरला काकूंनी बी.एड.ला प्रवेश घेतला, तो वर्ष संपायच्या आत सुटला. रायपूरला एका शाळेत शिकवायला लागल्या, दुसऱ्या वर्षी गुवाहाटीची ऑर्डर आली. गुवाहाटीला आणखी काहीतरी सुरू केलं आणि तेही तिथेच राहिलं. हे सगळं त्या हसत सांगायच्या, भांडी आवरता आवरता, आणि काका त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

कोलकात्यात काकांचा जुना लॅपटॉप बंद पडला. दुकानदाराने नवीन घ्या म्हणून सांगितलं. काकूंनी तो जेवणाच्या टेबलावर उघडला. रिकाम्या मिसळणाच्या डब्यात एकेका वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवले, आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली आणि बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. मला बोलावून दाखवलं तेव्हा मी तोंड भरून शाबासकी दिली, पण मनातून थोडा चिडलोच होतो. हेच काम शिकायला मला दोन महिने लागले होते.

मग इमारतीतल्या बायका आपापली बंद पडलेली यंत्रं घेऊन यायला लागल्या. सुटे भाग आणायला काकू बेहालातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात जायच्या. तिथल्या मालकाने दोन-तीन वेळा त्यांचं बोलणं ऐकलं, एकदा त्यांच्यासमोर एक मशीन ठेवून पाहिलं आणि म्हणाला, बसा इथे कामाला. अडचण एकच होती. तो ज्या कंपन्यांची यंत्रं दुरुस्त करायचा त्यांना सर्टिफिकेट असलेला माणूस लागायचा. संगणक दुरुस्तीची ती सुरुवातीची परीक्षा, जगभर चालणारी, दोन पेपरांची. ती देऊन या, जागा ठेवतो, असं त्याने सांगितलं.

“पगाराचं सोड,” काकू मला वाढताना म्हणाल्या. “हा कागद बदलीच्या सामानात येतो. भोपाळला चालेल, चेन्नईला चालेल. आता उन्हाळ्यात ह्यांची ऑर्डर येईलच. त्याच्या आत मला तो हातात हवाय.”

मी ती परीक्षा सहा वर्षांपूर्वी दिली होती. त्यामुळे पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी ते ओढूनच घेतलं.

दुर्गापूजेची गर्दी ओसरल्यावर एका शनिवारी आम्ही कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात गेलो. मी ज्याच्याकडे घेऊन गेलो तो विक्रेता एका बंद दाराच्या पायरीवर पुस्तकं रचून बसायचा. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, वाचायचा चष्मा कपाळावर. त्याने त्या परीक्षेची दोन पुस्तकं काढून समोर ठेवली. एक जाड, बाराशे पानांच्या वर, वापरलेलं. दुसरं पातळ आणि नवीन, गाईडच म्हणा ना. काय विचारतात, कसं विचारतात, सरावाचे पेपर, उत्तरं का चुकतात याचा खुलासा.

काकूंनी पातळ पुस्तक उचललं, दोन पानं वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. “हे कळतंय रे मला,” त्या म्हणाल्या.

“दीदी, ये पतला वाला लीजिए,” विक्रेता म्हणाला. “मोटा वाला सब वापस आता है. देखिए.”

त्याने जाड पुस्तक उघडून आमच्यासमोर धरलं. पहिल्या साठेक पानांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, समासात खुणा होत्या, एका पानावर चहाचा डाग होता. त्यानंतर शेवटपर्यंत पानं कोरी करकरीत. असे चार जाड ग्रंथ आपल्याकडे परत आले, सगळे असेच, आणि पातळ एकदाही परत आलं नाही, असं तो म्हणाला. त्याने त्या विषयातलं एक अक्षरही वाचलेलं नसणार, पण कुठलं पुस्तक कुठपर्यंत वाचलं जातं हे तो पानांवरून सांगत होता. इतका सरळ पुरावा मी माझ्या ऑफिसातही कधी पाहिला नाही.

मी नाक मुरडलं. “काकू, ते गाईड आहे,” मी म्हणालो. ज्या स्वरात म्हणालो तो ऐकून माझे वडील खूश झाले असते. “पाठ करून पास होणाऱ्यांसाठी. तुम्हाला काम शिकायचंय ना?”

“तू कुठलं वाचलं होतंस?”

मी जाड पुस्तकावर बोट ठेवलं.

आता खरं काय ते लिहितो. सहा वर्षांपूर्वी मीही तेच जाड पुस्तक घेतलं होतं. त्रेचाळिसाव्या पानावर मला झोप यायला लागली आणि तिथून मी पुढे गेलो नाही. साहेबांनी परीक्षेची तारीख विचारली तेव्हा घाबरून पातळ गाईड आणलं, पाच आठवडे ते घोटलं आणि पास झालो. गाईड नंतर रद्दीत दिलं. जाड पुस्तक मात्र आजही माझ्या ऑफिसच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला कणा दिसेल असं उभं असतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. काकूंना तर नाहीच.

काकूंनी पातळ पुस्तक परत ठेवलं. जरा रेंगाळून ठेवलं, ते मला दिसलं. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, जाड पुस्तकाला सुतळी बांधली आणि आम्ही कुठले म्हणून विचारलं. महाराष्ट्रातले म्हटल्यावर हसून म्हणाला, “बर्गी!” इथे मराठी माणसाला हे थट्टेत ऐकावंच लागतं, जुन्या स्वाऱ्यांची आठवण. काकूही हसल्या. मेट्रोत ते ओझं मी उचलून धरलं होतं आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

काकूंचा अभ्यास पाहून कुणालाही भरून आलं असतं. सकाळी काका बँकेत गेले की त्या टेबलावर बसायच्या. इंग्रजी कळायचं, पण त्या पुस्तकातलं इंग्रजी लांबलचक आणि रुक्ष होतं. अडलेला शब्द शोधायचा, वाक्य पुन्हा वाचायचं, मग दोनशे पानी वहीत मराठीतून टिपण काढायचं, असं चालायचं. अक्षर मोत्यासारखं. आज कुठल्याही कॉम्प्युटरला नसलेल्या, केबल जोडायच्या जुन्या पोर्टांची पानंच्या पानं त्यांनी उतरवून काढली, कारण मी सांगितलं होतं, पहिल्या पानापासून, काही गाळायचं नाही. रविवारी मी गेलो की जेवणानंतर वही उघडायच्या आणि शंका विचारायच्या. निम्म्या शंका मला कळायच्याच नाहीत. मी हात धुवायला म्हणून आत जायचो, फोनवर उत्तर शोधायचो आणि बाहेर येऊन सांगायचो. “किती डोक्यात आहे रे तुझ्या,” असं त्या म्हणायच्या आणि मला आणखी एक पोळी वाढायच्या. मी खायचो.

डिसेंबरात एकदा त्यांनी विचारलं, “बेहालाला एक मुलगी भेटली. ती म्हणाली सराव पेपर सोडवल्याशिवाय जाऊ नका. आपण एखादं बघायचं का?”

मी म्हणालो, “आधी पुस्तक पूर्ण करा.”

“तू किती दिवसांत केलं होतंस पूर्ण?”

“चार महिन्यांत.”

काकूंनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्या पाचशेव्या पानाच्या आसपास होत्या. “मला जरा वेळ लागतोय मग,” त्या म्हणाल्या, माफी मागितल्यासारख्या. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. वेळ होता, पुस्तकं मिळत होती, काका आत झोपले होते, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी ताकाचा पेला उचलला आणि ताक छान झालंय म्हणालो.

त्यानंतरचे रविवार मला जड गेले. मी थापा मारणारा माणूस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एक थाप सांभाळायला दर आठवड्याला एक नवी मारावी लागत होती, आणि ती मारताना माझा आवाज जराही हलत नव्हता याची मला स्वतःलाच भीती वाटायला लागली. दोन रविवार मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून गेलो नाही. दोन्ही वेळा काकूंनी डबा वर पाठवला.

फेब्रुवारीत पहिला पेपर होता. मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलो. काकू इस्त्रीची साडी नेसून, देवाला नमस्कार करून निघाल्या होत्या. परीक्षा केंद्राच्या बाहेर कॉलेजातली पोरं फोनवर शेवटची उजळणी करत होती. काकू त्या पोरांत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “पुस्तक अकराशे पानांपर्यंत झालं. शेवटचं थोडं राहिलं.” मी म्हटलं, पुरे आहे.

त्या आत गेल्या आणि दार लागलं, तेव्हा मला पातळ गाईडातली एक गोष्ट आठवली. अगदी पहिल्याच प्रकरणात होती. या परीक्षेत सुरुवातीलाच चार-पाच मोठे प्रश्न येतात. पडद्यावर एखादं ऑफिस दाखवतात आणि भाग ओढून योग्य जागी बसवायला सांगतात, नेटवर्कची जोडणी करायला लावतात. ते वेळ खातात. ते सोडून पुढे जायचं, बाकीचे छोटे प्रश्न उरकायचे आणि वेळ उरला तर मागे यायचं. परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. एका वाक्याचं काम. मी चार महिने त्यांच्या घरी जेवलो आणि ते एक वाक्य त्यांना सांगितलं नाही, कारण ते त्या पुस्तकातलं होतं जे मी वाचलं नाही असं मी सांगून बसलो होतो. निदान तेव्हा मी अशीच समजूत करून घेतली. खरं म्हणजे मला त्यांच्या परीक्षेचा विचारच नव्हता. मला माझी काळजी होती.

दीड तासाने काकू बाहेर आल्या. निकाल पडद्यावर लगेच कळतो. त्यांच्या हातात छापील कागद होता आणि तो त्यांनी चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, मला दाखवला नाही.

“थोडक्यात गेलं,” त्या म्हणाल्या. “पहिले ते मोठे होते ना, ते मी अगदी नीट केले. एकूण एक केबल तपासून लावली. ते सगळे बरोबर असणार बघ. पण त्यातच पाऊण तास गेला. शेवटचे वीसेक प्रश्न तर मी पाहिलेसुद्धा नाहीत.”

मी म्हणालो की पुन्हा देता येते. फी थोडीथोडकी नव्हती, पण काका नाही म्हणाले नसते. काकू बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि घरापर्यंत बाहेर पाहत राहिल्या. उतरताना म्हणाल्या, “तू किती मेहनत घेतलीस माझ्यावर.”

पुढच्या शनिवारी मी एकटा कॉलेज स्ट्रीटला गेलो. विक्रेत्याने मला ओळखलं. मी मागायच्या आधीच त्याने पातळ गाईड काढून दिलं. रविवारी ते पिशवीत घालून मी काकूंकडे गेलो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आधी पुस्तक द्यायचं, मग सांगायचं. दार उघडताच त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पुस्तक असेल तर आज नको रे दाखवूस.” मी म्हणालो, नाही, ऑफिसचे कागद आहेत. माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना मला ओशाळं वाटतंय, पण पडला खरा.

त्यानंतर ते पुस्तक कधी दिलं गेलंच नाही. होळी झाली. काकू बेहालाला जाईनाशा झाल्या. मालकाने दोनदा फोन केला, मग केला नाही. इमारतीतली एक बाई टॅब घेऊन आली तर काकूंनी तिला दुकानाचा पत्ता दिला. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याच्या जेवणात कुणीतरी चौकशी केली तेव्हा त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “शिकवणारा चांगला होता हो. मीच कमी पडले. या वयात डोक्यात शिरत नाही.” चार माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत होती आणि मी पानातल्या श्रीखंडाकडे बघत होतो. मेमध्ये काकांची भोपाळची ऑर्डर आली. सामान बांधताना मी दोन दिवस राबलो. जाड पुस्तक आणि तीन वह्या मीच खोक्यात भरल्या, वर चादर घातली आणि टेप लावली.

भोपाळहून काकू महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. मागच्या हिवाळ्यात असाच एका रविवारी दुपारी आला. आवाजात पूर्वीचा उत्साह होता.

“अरे, खालच्या मजल्यावर एक सून आहे. हुशार आहे, हात चांगला आहे. तिला तीच परीक्षा द्यायची आहे. मी माझं पुस्तक दिलं तिला, वह्या पण दिल्या. तिने बाजारातून एक गाईड आणलं होतं. मी परत करायला लावलं. म्हटलं, आमच्या ओळखीचा एक मुलगा पहिल्या पानापासून सगळं वाचून पास झालाय, चार महिन्यांत. तू पण तसंच कर.”

मी खुर्चीत बसलो. त्या बाईला मी पाहिलेलंही नव्हतं.

“काकू,” मी म्हणालो, “मी ते पुस्तक वाचलेलं नाही.”

“कुठलं?”

“ते जाड. त्रेचाळीस पानं वाचली आणि सोडलं. मी गाईड वाचून पास झालो. कॉलेज स्ट्रीटला तुम्ही उचललं होतंत ना, तसंच. ते मोठे प्रश्न शेवटी सोडवायचे असतात हेही त्यात लिहिलेलं होतं. मला माहीत होतं. त्या बाईंना गाईड परत आणायला सांगा.”

पलीकडे काका काहीतरी विचारत होते. काकूंनी त्यांना थांबा म्हटलं.

“मग मला का नाही घेऊ दिलंस?”

“लाज वाटली.”

“कसली? पास झाल्याची?”

मी माफ करा म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, कारण त्या बोलत होत्या ते माझ्याशी नव्हतं, स्वतःशीच होतं.

“वर्ष होत आलं, मी ह्यांना सांगतेय की माझं डोकं आता चालत नाही,” काकू म्हणाल्या. “ह्यांना ते पटलंसुद्धा.”